फाटकाच्या आतला रस्ता

कंपनीतून निवृत्त झालेल्या किसननं दापोडीची खोली विकली आणि निघोज्याच्या पलीकडं एका गावात नवा फ्लॅट घेतला, तो एकाच हट्टापायी: आपलं नातवंड दारातल्या उघड्या गटाराशेजारी वाढायचं नाही. ताबा मिळाल्या मिळाल्या त्यानं सोसायटीतल्या सगळ्या बिऱ्हाडांना पटवून आतल्या रस्त्याला लोखंडी फाटक लावलं. वर पाटी, 'खाजगी रस्ता'. जन्म गल्लीत गेलेला माणूस तो, फाटक लागल्यावर संस्थानच मिळालं म्हणा. गावातल्या म्हशी आत शिरल्या की वॉचमनच्या आधी हाच काठी घेऊन धावायचा.

मग ड्रेनेज तुंबलं. चेंबरमधून मैला वर आला आणि रस्त्यावर घोट्यापर्यंत साचला. बिल्डर फोन उचलेना. इकडं सून श्रद्धा दवाखान्यात बाळंत झालेली, आठवड्याभरात बाळ घरी यायचं होतं. बायकोनं, भिमाबाईनं, हॉलमध्ये पाळणासुद्धा टांगला होता.

दापोडीत गटार तुंबलं की चार बायका नगरसेवकाच्या दारात जाऊन बसायच्या आणि संध्याकाळपर्यंत गाडी यायची. त्याच भरवशावर किसन इथल्या सरपंचांकडं, मारुतरावांकडं गेला.

"रस्ता बिल्डरनं पंचायतीला दिलाच न्हाई," मारुतराव म्हणाले. "गटार बी न्हाई. आमी कसा हात लावायचा?"

"पण माणसं राहतात तिथं, मारुतराव."

"व्हय, राहत्यात. आन आमच्या म्हशी हाकलत्यात. खाजगी हाय म्हणून तुमीच सांगत व्हता न्हवं?"

किसनला मान वर करवेना. घरी येऊन त्यानं पाटी उतरवली, फाटक सताड उघडलं. त्या घाणीत आता म्हशीसुद्धा शिरल्या नाहीत. आयुष्यभर मरमर करून आपण नेमकं काय विकत घेतलं, हेच त्याला कळेना.

बाळाला घरी सोडायच्या दिवशी मुलाचा, आयुषचा फोन आला. "पप्पा, डॉक्टर म्हणतात, असल्या घाणीत बाळाला नेऊ नका. श्रद्धा बाळाला घेऊन कासारवाडीला तिच्या आईकडं राहील. मी पण तिथंच. पाळणा पाठवून द्या."

"कधीपर्यंत राहणार?"

"टेम्पोवाल्याचा नंबर पाठवतो," म्हणून आयुषनं फोन ठेवला.

भिमाबाई पाळण्याच्या दोऱ्या सोडायला लागली. "दापोडीचं गटार उघडं होतं," ती म्हणाली, "पण साफ करायला कुणीतरी यायचं."

टेम्पोवाला गाडी आत घालेना. शेवटी किसननं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाळणा डोक्यावर घेतला आणि मैल्यातून चालत फाटकाबाहेर नेऊन दिला.