तांबड्या रेषेवर चार बोटं

तो पाण्यात उभा आहे ना, पट्ट्यापट्ट्यांचा? तोच मी. नारीन नदीवरच्या धरणातलं पाणी मोजणारा खांब बोलतोय.

धरण बांधलं तेव्हा एका रंगाऱ्याने माझ्या अंगावर आकडे काढले आणि गुडघ्याशी एक तांबडी रेष ओढली. पाणी तिच्याखाली गेलं की जनित्रं बंद, खोऱ्यात अंधार. तेव्हापासून रोज सकाळी कुणीतरी येऊन मला वाचतं. गेली नऊ वर्षं असिलकान येते. फार नेकीची बाई.

गेल्या हिवाळ्यात पाणी रेषेच्या वर जेमतेम चार बोटं उरलं. वीज जपून वापरा, असं असिलकान घरोघर सांगत फिरली. ऐकतोय कोण! सगळ्यांत जास्त तोंड तिच्या सासूचं, बुरमाकानचं. धाकट्या मुलाच्या लग्नासाठी तिने विजेच्या चार शेगड्या आणल्या होत्या.

"आकडा तूच कमी लिहितेस! माझ्या घरचे दिवे तुला बघवत नाहीत."

असिलकानला ते फार लागलं. "चला आई, स्वतःच मोजा. काठी घ्या, घसराल."

तिने कुऱ्हाडीने माझ्याभोवतीचा बर्फ फोडला. म्हातारीने माझ्या अंगाला बोटं लावली. चार झाली आणि खाली रेष.

"एवढंच?"

"एवढंच. अन् बर्फ वितळायला अजून महिना आहे."

आटलेल्या गायीकडे पाहावं तसं म्हातारीने माझ्याकडे पाहिलं, आणि काठी टेकत घरी गेली.

लग्नाचं मटण गोवऱ्यांवर शिजलं. फोटो काढायला वरात नेहमी पुलावर जाते, ती म्हातारीने माझ्याकडे वळवली! पांढऱ्या झग्यातली नवरी कुडकुडतेय, आणि खोऱ्यातल्या गावागावांचे पाहुणे रांगेने बोटं लावतायत. मला तर लाजल्यासारखं झालं.

"माझ्या लग्नघरात शेगडी बंद," म्हातारी ओरडली, "मग तुम्ही कोण खान लागून गेलात?"

पाहुण्यांनी गावोगावी तेच सांगितलं आणि शेगड्या विझल्या. नदीला नवं पाणी आलं, त्या दिवशी रेषेवर एक बोट शिल्लक होतं.

आता उन्हाळा आहे, मी गळ्यापर्यंत बुडालोय आणि मजेत आहे. खालच्या मुलखातल्या कापसासाठी पाणी सोडतील, मी पुन्हा उघडा पडेन, ते चालायचंच. पण बाबांनो, हिवाळ्यात माझा गुडघा तेवढा झाकलेला ठेवा.

काल एका मेंढपाळाने काठावरूनच विचारलं, "आजी, पाणी किती आहे हो?"

सुनेसाठी पिठाचे गरम तळलेले बोरसोक घेऊन आलेली बुरमाकान फणकारली, "मला काय विचारतोस? सूनबाईला विचार. ती लिहील तेच खरं!"

असिलकानने त्या दिवशीचा आकडा दोनदा वाचला. पहिल्यांदा तिला डोळ्यांतल्या पाण्याने दिसलाच नव्हता.