फिअर आधी बाहेर राहायचा

हे लिहायचंच नाही, असं त्याने जवळजवळ ठरवलं होतं. फोन उघडला, चार ओळी टाइप केल्या, पुसल्या. परत तेच. यात मुकादमाची इज्जत होती आणि पैलवानाचीही. पण पोटात ठेवून ठेवून शेवटी अपचन व्हायला लागलं, तेव्हा लिहायला घेतलं.

कामावर त्याला सगळे शब्दोबा म्हणायचे. काम उंच इमारतींच्या काचा बाहेरून धुवायचं. कमरेला पट्टे, पाठीशी दोर, हातात रबराची पट्टी. शाळा मध्येच सुटलेली, इंग्रजी स्वतःच शिकलेलं, तेही रद्दीतून उचललेल्या एका जाडजूड डिक्शनरीवरून. त्या डिक्शनरीत शब्दाचा अर्थ एक ओळ आणि त्याची कुळकथा अर्धं पान. आधी काय होता, मग कसा बदलला, कुठे बिघडला. शब्दोबा त्यातच रमायचा. त्याची ताई म्हणायची, "लोकांची पोरं मुलींच्या मागे लागतात, आमचा शब्दांच्या. दोन्हींतलं कुणीच घरी यायचं नाही."

पैलवान त्याचा जोडीदार. भरलेली बादली दोन बोटांवर उचलणारा गडी. पण गेल्या आठवड्यात दोरावरून उतरताना तो अर्ध्यातूनच ओरडला, "वर घ्या, वर घ्या!" सगळ्यांनी मिळून त्याला ओढून काढलं. तेव्हापासून कठड्यापाशी गेला की त्याचे पाय लटपटायचे. पोरांनी त्याचं पैलवान काढून भागूबाई केलं.

मुकादमाने सांगून टाकलं होतं, "उद्या उतरलास तर ठीक. नाही उतरलास तर दुसरं काम बघ. छतावर पुतळे पोसायला मी बसलेलो नाही."

तो 'उद्या' उजाडला. दोघं जिन्याच्या शेवटच्या पायरीवर चहा घेत बसले होते. पैलवानाचा कप बशीत वाजत होता.

"घाबरू नकोस रे," शब्दोबा म्हणाला.

"बरं झालं सांगितलंस. मला सुचलंच नव्हतं."

शब्दोबा ओशाळला. मग न राहवून बोललाच. "काल डिक्शनरीत फिअर शब्द काढला होता. फिअर म्हणजे भीती ना? पण मुळात तसं नव्हतंच. फार जुन्या इंग्रजीत तो फॅर होता, आणि फॅर म्हणजे अचानक येणारं संकट. दबा धरून बसलेला धोका. म्हणजे बाहेरची वस्तू. मनातल्या भीतीसाठी तेव्हा वेगळेच शब्द होते. नंतर शेकडो वर्षांत हा हळूहळू बाहेरून आत शिरला."

"तुला आत्ता हे सुचतंय?"

"अरे, ऐक तरी—"

"शब्दोबा, माझ्या घरात खाणारी चार तोंडं आहेत आणि तू मला शब्दाची पत्रिका वाचून दाखवतोयस." पैलवानाने कप खाली ठेवला. मग आवाज उतरवून म्हणाला, "मुकादम म्हणतो डोक्यातलं आहे. बायको म्हणते डोक्यातलं आहे. मलाही आता तसंच वाटतं."

मग शब्दोबाने जे कुणीच विचारलं नव्हतं ते विचारलं. "त्या दिवशी नेमकं झालं काय?"

"काय होणार? दोर दचकला."

"म्हणजे?"

"एखादा झोपेत दचकतो तसा. वीतभर खाली आलो असेन. मग परत सगळं जागच्या जागी. वर येऊन बघतो तर गाठ पक्की. मग कुणाला काय सांगणार?"

छतावर वारा होता. मुकादम नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी येऊन दोर बांधून मोकळा झाला होता. लिफ्टच्या खोलीपाशी उभा राहून फोनवर बोलत होता. कामाची रीत अशी होती की खालचं टोक जोडीदारांचं, वरचं मुकादमाचं. जोडीदारांनी एकमेकांच्या कमरेची गाठ ओढायची, 'बस' म्हणायचं आणि उतरायचं. वरच्या गाठीला हात लावायचा नाही. गाठ मारायला सगळ्यांना त्यानेच शिकवलं होतं. त्याची गाठ तपासणं म्हणजे भर चौकात त्याच्या तोंडात मारणं.

पैलवानाने पट्टे चढवले. शब्दोबाने त्याची गाठ ओढली, पण तोंडातून 'बस' निघेना.

"बोल ना," पैलवान म्हणाला. एक पाय कठड्यावर होता.

"थांब."

"अरे, तो बघतोय!"

"बघू दे. पाय मागे घे आधी."

शब्दोबा वळला आणि सरळ दोराच्या वरच्या टोकाकडे गेला. मागून मुकादमाचा आवाज आला, "ए पंडित! कुणाला विचारून?"

गाठ सुंदर होती. सोनाराने घडवावी तशी. शब्दोबाला वाटलं, संपलं. पैलवानाचंही गेलं आणि आपलंही. मग त्याने गाठीवरचा हात काढला आणि ती जिच्यात अडकवली होती ती, गेल्या आठवड्याचीच कडी धरली. कठड्याच्या सिमेंटमध्ये रोवलेली, वरून ताजा पांढरा रंग दिलेली. त्याने पिळली.

कडी फिरली. पडायला आलेल्या दातासारखी.

कामाचा दोर आणि जीव वाचवायचा दुसरा दोर, दोन्ही त्याच एका कडीला होते.

"मी विचारलं, कुणाला विचारून हात लावलास?" मुकादम येऊन ठेपला होता.

"गाठ झकास आहे मुकादम. कडी बघा."

मुकादमाने कडी धरली. हलवली. परत हलवली. रंगाचा एक पापुद्रा उडून त्याच्या बुटावर पडला. खाली कुणीतरी गाडी लावत होतं, हॉर्न वाजला.

"दुसरी कडी त्या एसीच्या यंत्रांच्या मागे आहे," तो म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता. "वळसा पडतो. म्हणून दोन्ही इथेच..." आणि तो स्वतःची गाठ सोडवायला बसला.

दोर मग लिफ्टच्या खोलीच्या खांबाला आणि पलीकडच्या कडीला बांधले. या वेळी तिघांनी ओढून बघितले. मुकादम पैलवानाकडे न बघताच म्हणाला, "आता बघ जमतंय का."

पैलवान कठड्यापाशी गेला. शब्दोबा बघत होता. त्याला खात्री होती, बाहेरचं गेलं म्हणजे आतलंही जाणार.

पाय लटपटलेच.

"नाही जात रे," पैलवान मागे सरला. डोळे भरले होते. "आता तर कारणही नाही."

शब्द आत कसा शिरला ते डिक्शनरीत होतं. आत गेलेलं बाहेर कसं काढायचं, ते नव्हतं.

मुकादमाने रुमालाने तोंड पुसलं. "वर थांब तू," तो पैलवानाला म्हणाला. "आजपासून वरचं दोघांनी बांधायचं. मी आणि तू. मी चुकलो तर तोंडावर सांगायचं." आणि उत्तराची वाट न बघता लिफ्टच्या खोलीकडे निघून गेला.

"पोरं हसतील," पैलवान म्हणाला. "म्हणतील, भागूबाई वर बसून दोर राखते."

"हसू देत. उतरणार मी आहे ना?"

"आणि मला वर उगाचच भीती वाटली तर? काही नसताना? तुझी हजेरी बुडेल."

शब्दोबाने आपले पट्टे चढवले आणि कमरेची गाठ ओढायला त्याच्यासमोर धरली.

"तू नुसतं 'नको' म्हण," तो म्हणाला. "मी उतरणार नाही. आणि का, ते विचारणार नाही. शब्द देतो."