आखाजीचा तह

आखाजी म्हणजे खान्देशातल्या लेकीबाळींचं राज्य. अक्षय्य तृतीयेला माहेरी यायचं, झोके घ्यायचे, आणि संध्याकाळी बोरी नदीच्या कोरड्या पात्रात उतरून पलीकडच्या गावच्या बायकांशी भांडायचं. गाण्यांतून एकमेकींचा उद्धार, आणि रंग चढला की दगडसुद्धा. वर्षभर सासरी तोंड दाबून बसलेल्या बायका त्या दिवशी काय सुटायच्या, विचारू नका!

सत्त्याऐंशी साली मात्र पलीकडच्या तानुबाईच्या लेकीचं डोकं फुटलं. मग काय, दोन्हीकडचे पुरुष जागे झाले. पुढच्या आखाजीआधी फौजदारासमोर दोघा सरपंचांनी करार केला: बायकांनी नदीत उतरायचं नाही. सह्या झाल्या, शिक्के झाले, चहा झाला. बायकांना कोणी हिंग लावून विचारलं नाही.

अलीकडच्या गावचा सरपंच अभिमन पाटील. त्याची धाकटी बहीण कुंदाबाई देवपूरच्या शाळेत इतिहास शिकवायची. ती माहेरी आली तशी त्याने कौतुकाने कागद पुढे केला. तू शिकवतेस तसला तह केलाय बघ, म्हणाला. वाचून कुंदाबाईचं डोकंच फिरलं. शाळेत बाई, सासरी सूनबाई. पोटभर ओरडायला तिला जगात नदीचं ते पात्र ही एकच जागा होती.

तिने भावाला समोर बसवून सुनावलं. तह कागदापासून सुरू होत नाही. लढून थकलेले दोघे हत्यार खाली ठेवतात, देवाच्या साक्षीने एकमेकांना शब्द देतात, तिथून तो सुरू होतो. कागद मागून येतो. तीन हजार वर्षांपूर्वी मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, आणि तुर्कस्तानातल्या हित्ती लोकांच्या राजांनी तह केला, तो चांदीच्या पत्र्यावर कोरला, आणि त्यावर हित्तींच्या राणीचाही शिक्का होता. इथे लढल्या बायका आणि तह केला बाप्यांनी!

"भाऊ, तुझा शब्द तू दे. माझा शब्द तू दिलासच कसा?"

फौजदार येईल, माझी अब्रू जाईल, असं अभिमन म्हणाला. जाऊ दे, ती म्हणाली.

संध्याकाळी गल्लीतल्या बायका घेऊन ती नदीत उतरली. पण समोरून कोणी आलंच नाही तर भांडायचं कोणाशी, म्हणून ती सारखी पलीकडच्या काठाकडे बघत होती. तेवढ्यात पलीकडून बायका उतरल्या. पुढे तानुबाई, ओटीत दगड भरलेले. अलीकडच्या बायका दोन पावलं मागे सरल्या. कुंदाबाई एकटी पुढे गेली. तुझ्या लेकीला लागलं ते आमच्याच दगडाने, चुकलं आमचं, असं तिने सरळ कबूल केलं. तानुबाईने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि ओटी वाळूत रिकामी केली. मग दोघींनी मिळून देवाच्या शपथेचा बेल-भंडारा उचलला. दगड बंद. गाणी मात्र मनसोक्त.

इतक्यात काठावर अभिमन आणि फौजदार येऊन उभे राहिले. करार मोडल्याबद्दल फौजदार दरडावू लागला.

तानुबाई वळली. "तो तुमना व्हता, साहेब. लढाई आमनी शे, मंग तह बी आमनाच."

त्या वर्षी पहिलं गाणं दोन्ही गावांनी मिळून म्हटलं, आणि त्यात अभिमन पाटलाच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. फौजदार जीपकडे वळला. अभिमन मात्र जागचा हलला नाही, कारण सगळ्यांत मोठा आवाज त्याच्या सख्ख्या बहिणीचा होता.