जोडीचं बाक

"तोतारामभाऊ, ते बाक खाली ठेवा," लताबाई म्हणाल्या आणि स्वतः पुढच्या बाकावर जाऊन बसल्या.

तोताराम शिपाई घाम पुसत उभा राहिला. "मी काय करू, अक्का? बठ्ठा बाक नवी इमारतमां लई जावाना शेतस. शेठनी सांगेल शे."

शेठ म्हणजे संस्थेचे अध्यक्ष सुरेशचंद. दिवाळीची सुट्टी संपली की देवपुरातल्या या मिशनच्या शाळेत इंग्रजीची तुकडी वेगळी होऊन सगळ्या बाकांसकट नव्या इमारतीत जाणार होती, मराठीची इथेच राहणार होती. लताबाई गावितांचा उभा जन्म पहिलीच्या वर्गाला दोन्ही भाषा एकत्र शिकवण्यात गेला होता. त्यांच्या गळी हे उतरणं शक्य नव्हतं.

शाळेची रीतच तशी. शाळा काढणाऱ्या मडमला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून ती सरळ पोरांच्या बाकावर जाऊन बसली. पोर तिला मराठी वाचून दाखवी, ती पोराला इंग्रजी. तेव्हापासून एका बाकावर दोघंच, एक शहरातलं, एक खेड्यातलं. अडलं तर आधी शेजाऱ्याला विचारायचं, बाईंना सगळ्यात शेवटी. मडम केव्हाच देवाघरी गेली, रीत मात्र टिकली.

तेवढ्यात सुरेशचंद आले. "बाई, हट्ट सोडा. पालक म्हणतात, आमचं पोर इंग्रजी शिकायला येतं, दुसऱ्याला शिकवायला नाही. फी भरणारी ती पोरं दुसऱ्या शाळेत गेली तर दोन्ही तुकड्या बंद पडतील."

"शेठ, तुम्ही मराठी कुणाकडून शिकलात?"

"भाईदासकडून. खेड्यातला, माझ्या बाकावरचा. याच वर्गात. घरी आम्ही मारवाडीच बोलायचो. पण आता तेवढ्यावर शाळा चालत नाही, बाई."

माणूस खोटं बोलत नव्हता, आणि लताबाईंना तेच जास्त लागलं. भांडायला समोर कुणी दुष्ट तरी हवा होता.

"ठीक आहे. शहरातली पोरं न्या," त्या म्हणाल्या. "बाकं राहू द्या. आणि उरलेल्यांची इंग्रजी मीच घेणार. मराठीच्या तुकडीला इंग्रजी कमी, असं मी चालू देणार नाही."

बाकांवरून कोण हुज्जत घालणार? शेठ हो म्हणाले. तोतारामनं उचललेलं बाक परत जागेवर ठेवलं.

सुट्टीनंतर वर्ग अर्धाच भरला. खेड्यातली पोरं सवयीनं बाकाच्या आपापल्या कडेला बसली होती, शेजारची जागा मोकळी सोडून. कुणी सांगितलं नव्हतं. दोघादोघांना जवळ बसवलं असतं तर वर्ग नीट दिसला असता, पण लताबाईंनी कुणालाच हलवलं नाही.

खेड्यातून येणाऱ्या नूतनशेजारी सुट्टीपर्यंत शेठची नात हर्षिता बसायची. नूतननं विचारलं, "हर्षितानी जागावर आते कोन बसी, बाई?"

"मी बससू," लताबाई म्हणाल्या.

बाक पोरांच्या मापाचं, गुडघे दुखरे. तरी त्या कशाबशा मावल्या. इंग्रजीच्या पुस्तकातली पहिली ओळ बोट ठेवून त्यांनी वाचली, नूतनकडून म्हणून घेतली, मग मराठीचं पुस्तक तिच्यापुढे सरकवलं. "आता तू मला वाचून दाखव."

नूतन वाचू लागली. मागच्या बाकावरची मुलगी आपल्या शेजारची जागा हातानं झाडत होती.