कागदाएवढी फट

अण्णा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. मेंदूचा झटका येऊन गेल्यापासून त्याचा उजवा हात थरथरतो. हाताला काम द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. अण्णाने ते कानाआड केलं आणि खिडकीशी खुर्ची टाकून बसला. मग एक दिवस वहिनीला म्हणाला, "कपाटावरचं हेलिकॉप्टर घड्याळजीला देऊन टाकतोय. रविवारी येईल तो."

घड्याळजी घड्याळं दुरुस्त करतो. रिमोटवरची हेलिकॉप्टरं उडवायचा नाद दोघांनी मिळूनच लावून घेतलेला.

वहिनीने मला स्वयंपाकघरात गाठलं. "भावजी, ते हेलिकॉप्टर गेलं ना, की हे खुर्चीतून उठायचेच नाहीत."

हेलिकॉप्टर बंद होतं, कारण जुन्या मोटरचे कार्बन ब्रश झिजून गेले होते. बिनब्रशची नवी मोटर अण्णाने आजारापूर्वीच आणलेली, खोकं तसंच पडून होतं. "मी बसवतो," मी म्हणालो आणि लगेच जीभ चावली. सारा जन्म मी ग्रंथालयात कार्डं लिहिली. आमच्या घरातला बल्बसुद्धा बायको बदलते.

"किडा मोटर बसवणार. छान," अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाला. पुस्तकी किड्यातलं ‘पुस्तकी’ त्याने लहानपणीच गाळून टाकलंय.

तीन दुपारी मी अण्णाच्या कामाच्या टेबलाशी बसलो. जुनी मोटर काढली. नवीला दोनाऐवजी तीन वायरी, म्हणून वेग सांभाळणारा कंट्रोलरही नवा. सोल्डर करताना बोट भाजलं, ते टेबलाखाली लपवलं. अण्णा खुर्चीतूनच सांगायचा, एकेका शब्दात. "उलटं." "आवळ." "फुंकू नकोस."

शेवटचं काम मोटरचं छोटं दातेरी चाक मोठ्या प्लॅस्टिकच्या चाकाला जुळवण्याचं. "मध्ये कागदाची पट्टी घाल, मोटर दाबून धर, स्क्रू आवळ, मग पट्टी ओढून काढ. तेवढीच फट हवी."

मी तसंच केलं. पाती न लावता चालवलं, तर काय सुरेख फिरलं. वहिनी दारातून बघून गेली. मला उगाच आपण कुणीतरी आहोत असं वाटलं.

शनिवारी मागच्या मोकळ्या जागेत पाती लावून ठेवलं. रिमोट माझ्याच हातात होता. अण्णा खिडकीतून बघत होता. पात्यांनी वेग घेतला आणि कर्र असा आवाज झाला. मोठ्या चाकाचे दोन दात सपाट. पाती आपोआप मंदावत थांबली.

मोटरच सदोष असेल, असं म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

"कागद कुठला घातलास?" खिडकीतून अण्णाने विचारलं.

मी खिशातून पट्टी काढून दाखवली. ग्रंथालयाच्या कार्डाची कापलेली. माझ्या खिशात कागद म्हणून दुसरं काही नसतंच.

"अरे, हा पुठ्ठा आहे. फट जास्त राहिली, दात नीट अडकलेच नाहीत."

"मला वाटलं कागद म्हणजे..."

"चाळीस वर्षं कागदात काढलीस ना तू?"

मी पट्टी पुन्हा खिशात घातली. तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी आत गेलो, तर अण्णा टेबलाशी उभा राहून पत्र्याचा डबा उपसत होता. सुटं चाक निघालं. वहिनीकडून त्याने वर्तमानपत्राचा कोपरा मागून घेतला.

"मोटर तू धर. मला तेवढं जमणार नाही."

चाक बदललं, पट्टी मध्ये घातली. स्क्रू त्याने आवळला. स्क्रूड्रायव्हर दोनदा निसटला, तिसऱ्यांदा बसला. मग पट्टी काढून त्याने बोटाने चाक किंचित मागेपुढे हलवलं आणि डोळे मिटले. "हं. तेवढीच फट. इथे जाणवतेय बघ." मला काही जाणवलं नाही. मी हो म्हणालो.

रविवारी घड्याळजी रिकामं खोकं घेऊन आला. अण्णाने त्याला बाहेर उभं केलं, आम्हाला लांब सरकवलं आणि रिमोट स्वतः घेतला. हेलिकॉप्टर गुडघ्याएवढं वर गेलं. हाताची थरथर सगळी त्यात उतरत होती. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. वहिनीने माझी बाही धरून ठेवली होती. मग ते धप्पकन, पण पायांवर उतरलं.

"एवढंच?" घड्याळजी म्हणाला.

"आज एवढंच," अण्णा म्हणाला. त्याला धाप लागली होती. "कमरेएवढं जायला महिना लागेल. दर रविवारी येत जा. माझा तोल गेला, तर किड्याला एकट्याला सावरता येणार नाही."

घड्याळजीने खोकं दुमडून काखेत मारलं आणि चहा आहे का, म्हणून वहिनीला विचारलं.