आक्काची नाडी

आक्काची नाडी मनगटात नव्हती. ती उंबऱ्यात सापडली. मी लाकडावर तीन बोटं टेकवली तेव्हा लागली. अडखळत, पण लागली.

"सापडली का रे दिगू?" आक्काने खाटेवरून विचारलं.

"हो. उंबऱ्यात आहे."

"मग तिथं पाय देऊ नकोस."

आम्ही दोघं बहीणभाऊ औषधं करतो. बचनाग ही विषारी मुळी. गोमूत्रात भिजवून, उन्हात ठेवून तिचं विष उतरवायचं आणि तुकडा जिभेला लावून बघायचा. जीभ बधिर झाली नाही, तर मुळी शुद्ध. माझी झाली नाही. ती आधीच बधिर होती. दाढ ठणकत होती म्हणून लवंगेचं तेल लावलं होतं. हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्या मुळीची गोळी वळली. नवी गोळी रोग्याला द्यायच्या आधी घरच्याने घ्यायची, ही आमची रीत. या खेपेला पाळी आक्काची होती.

आधी तिच्या ओठांना मुंग्या आल्या, मग हातापायांना. अंग गार पडलं. मग नाडी उठून गेली.

नाडी निघाली की ती जागा बधिर होते. ती उंबऱ्यातून निघाली आणि उंबऱ्याला माझा पाय टेकेना. दार सताड उघडं होतं, पण बाहेर पडता येईना. रस्त्याने चाललेल्या शेजारच्या भागवतांना मी जिवाच्या आकांताने हाक मारली. "संध्याकाळी येतो," म्हणाले आणि गेले.

नाडी स्वयंपाकघरातल्या घागरीत गेली, तिथूनही निघाली. आता स्वयंपाकघर बधिर. फोन तिथेच फळीवर वाजत राहिला. मग भिंती गेल्या.

"घर लहान होतंय," आक्का म्हणाली. "जवळ बस."

मी बसलो. मला फार भीती वाटत होती. खाटेच्या पायात नाडी लागली, एखादा ठोका गाळत. मग तीही जागा गेली. मी चादर चाचपली, उशी चाचपली, आक्काचा गळा चाचपला.

"मोठा वैद्य," ती म्हणाली. "स्वतःची बघ की."

माझ्या मनगटात दोन नाड्या होत्या. दोन्ही अडखळत होत्या.

"आक्का, तुझी कोणती?"

"मला काय माहीत? दे एक. लवकर."

तिने रिकामं मनगट पुढे केलं. मी माझं त्यावर टेकवलं. एक नाडी पलीकडे गेली, आणि माझ्या ओठांना मुंग्या यायला लागल्या.