चिंगूला काही वाटलं नाही

ट्रेलर मंगळवारी सकाळी आला. वल्लरी तेव्हा शनिवार पेठेतल्या चष्म्याच्या दुकानात एका आजींचे डोळे तपासत होती. टेबलावरचा फोन थरथरायला लागला तो थांबेचना. आजी बाहेर गेल्यावर तिने पाहिलं, तर एकशे चाळीस मेसेज. मार्चमध्ये तिचा नवरा सलिल गेला, त्या दिवशी फोन असाच वाजत राहिला होता. आता आणखी कोण गेलं, एवढंच तिच्या मनात आलं. बाहेर ऊन आहे का, असं विचारावं तितक्याच कोरडेपणाने.

कुणी गेलं नव्हतं. 'खविसांचं बिऱ्हाड'वर सिनेमा येत होता.

अडतीस वर्षांपूर्वी ही मालिका दर गुरुवारी संध्याकाळी टीव्हीवर लागायची. पिंपळ तोडला गेल्यामुळे भुतांचं एक कुटुंब पुण्यात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहायला येतं. बाप खवीस, एका कचेरीत कारकून. आई हडळ. माळ्यावर समंध आजोबा. त्यांना पाहून कुणी किंचाळत पळालं, तर ते त्या किंचाळण्यातलीही व्याकरणाची चूक काढायचे. आणि सगळ्यात धाकटा चिंगू मुंजा. शेजारी इतके तिखट निघायचे की भुतांनाच धडकी भरायची. दार वाजलं की चिंगू ओरडायचा, "आई गं, माणूस आला!" आणि हडळीच्या पदराआड शिरायचा. त्या काळी शाळाशाळांतून पोरं मास्तर वर्गात आले की हेच ओरडायची.

चिंगूचं काम नऊ वर्षांच्या वल्लरीने केलं होतं. डोक्यावर रबरी टक्कल, त्याला शेंडी, चेहऱ्याला राखेचा रंग. पुढे तिने कधी अभिनय केला नाही. डोळे तपासायचं शिकली, सलिलशी लग्न केलं, ओवी झाली. पण पुण्यात चिंगू मेला नाही. चष्मा करायला आलेली पन्नाशीची माणसं तिच्याकडे दोनदा बघत आणि हळूच विचारत, "तुम्हीच ना हो त्या?" ती हसून "मीच" म्हणे. मार्चनंतरही म्हणत होती, फक्त हसायचं राहून जाई.

त्या संध्याकाळी नारायण पेठेतल्या घरी ओवीने मालिकेच्या चाहत्यांचा फेसबुकवरचा ग्रुप उघडला. वीस हजार माणसं होती त्यात आणि सगळी एकदम पेटली होती.

"आई, ऐक ना. 'खवीस टॉवरच्या बाविसाव्या मजल्यावर राहतो म्हणे. पिंपळ काय गच्चीत कुंडीत लावलाय?' आणि हे बघ, 'हडळ लॅपटॉपवर काम करते. आमच्या हडळीला फोडणीतून फुरसत नव्हती.' आणि हे तर एपिक आहे. 'खविसाचे दात पांढरेशुभ्र आहेत. सरकारी कारकुनाला दंतवैद्य परवडत नसे, याची निर्मात्यांनी नोंद घ्यावी.' सीताराम देव. हे अ‍ॅडमिन आहेत."

"हं," वल्लरी म्हणाली. ती भाजी निवडत होती.

"आणि चिंगू कॉम्प्युटरवर केलाय. त्याच्यावर सगळ्यात जास्त चिडलेत. म्हणतायत, वल्लरीताईंचा अपमान आहे हा."

"माझा?"

"तुला राग नाही आला?"

वल्लरीने स्वतःला चाचपून पाहिलं. पायाला मुंग्या आल्यावर आपण पाय दाबून बघतो, तसं. राग नव्हता. आनंद नव्हता. निवडलेली मेथी होती, आणि तीही दोघींना जास्त होती.

ओवीने पुढे विचारलं नाही. बाबा गेल्यापासून ती आईशी असंच बोलायची. एक प्रश्न विचारायची आणि दुसरा गिळायची.

दुसऱ्या दिवशी सीताराम देवांचा फोन आला. देव निवृत्त मुख्याध्यापक, बोलणं मोजूनमापून. "वल्लरीताई, नमस्कार. आपण या चित्रपटाचा निषेध करणारं चार ओळींचं निवेदन द्यावं, अशी सभासदांची इच्छा आहे. मजकूर मी लिहीन. आपण फक्त होकार द्यायचा."

"बरं," वल्लरी म्हणाली.

तासाभराने सिनेमाच्या दिग्दर्शकाचा फोन आला. शाहिद बागवान, वय एकतीस. "ताई, मी मैनुद्दीनचाचांचा नातू." मैनुद्दीनचाचा म्हणजे मालिकेचे रंगभूषाकार. खविसाचे सुळे, हडळीची नखं, चिंगूचं टक्कल, सगळं त्यांच्या हातचं. "आजोबांचं काम बघत बघतच मी वाढलो. पहिल्या खेळाला तुम्ही यायलाच पाहिजे."

"बरं," वल्लरी म्हणाली.

दोघांनाही होकार दिलाय, हे ओवीने दाखवून दिलं तेव्हा तिच्या लक्षात आलं. मग निवेदन मागे राहिलं आणि दोन आठवड्यांनी, शुक्रवारी, ती सिनेमाला गेली, कारण ओवीने साडी इस्त्री करून पलंगावर ठेवली होती.

थिएटर भरलेलं होतं. निम्मे लोक हसायला आलेले, निम्मे चिडायला. दिवे गेले, पडदा उजळला, माणसं हलू-बोलू लागली. वल्लरीला पुढच्या रांगेतल्या माणसाच्या कॉलरचा कोपरा दुमडलेला दिसत होता. एसीचा वारा मानेवर येत होता. शेजारची खुर्ची ओवीची होती. तिच्या पलीकडे कुणी अनोळखी बाई होती. सलिलला थिएटरात दहाव्या मिनिटाला झोप लागायची आणि डोकं तिच्या खांद्यावर यायचं. तो खांदा तिने दोन तास जरा वर उचलून धरला होता, हे तिला मध्यंतरातही कळलं नाही. लोक हसले तेव्हा लोक हसले. संपल्यावर ती उठली.

बाहेर कॅमेरे होते. एका मुलीने माइक पुढे केला. "वल्लरीताई, तुम्ही मूळचा चिंगू. कसं वाटलं सिनेमा बघून?"

वल्लरीने खरं तेच सांगितलं. "काही वाटलं नाही."

शनिवारी सकाळपर्यंत तो व्हिडिओ दोन लाख लोकांनी पाहिला होता. त्याला जोडून आणखी एक : अंधारात कुणीतरी टिपलेला तिचा चेहरा, आजूबाजूला हशा आणि मध्ये ती, दगडासारखी. 'चिंगूला काही वाटलं नाही!' वर्तमानपत्रानेही तोच मथळा घेतला. ग्रुपवर दिवाळी साजरी झाली. देवांनी लिहिलं, 'तीन शब्दांचं परीक्षण. वल्लरीताईंनी एकही शब्द वाया घालवला नाही.' कुणी लिहिलं, 'आपल्या बालपणाची हत्या बघताना त्या माउलीला काय वाटलं असेल!' कुणी तिच्या डोळ्यांत पाणी दिसल्याचं शपथेवर सांगितलं. पाणी नव्हतं. मार्चपासून एकदाही आलं नव्हतं.

रविवारचे खेळ रिकामे गेले. सोमवारी काही थिएटरांनी सिनेमा उतरवला. दुकानात येणारी माणसं तिचं अभिनंदन करू लागली. "बरं केलंत, ताई. शिकवलात धडा." ती चष्म्याचा नंबर लिहून देई.

मंगळवारी दुपारी डोळे तपासायला शाहिद आला. नाव नोंदवून आला होता, म्हणून तिने त्याला आत घेतलं. लहानशी अंधारी खोली, समोर उजळलेली अक्षरं. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"खालून दुसरी ओळ वाचा."

त्याने वाचली. मग म्हणाला, "ताई, एवढा वाईट आहे का हो?"

वल्लरीने त्याच्या डोळ्यांसमोरची काच काढली. "मी पाहिलाच नाही."

"तुम्ही होतात की तिथे. माझ्यामागे दोन रांगा."

"बसले होते. पाहिला नाही. एकही प्रसंग सांगता येणार नाही मला." ती थांबली. हे कुणाला तरी सांगायची ही पहिलीच वेळ होती, आणि सांगताना आवाज अगदी सरळ येत होता. "माझे यजमान मार्चमध्ये गेले. कात्रजच्या डेअरीत दूध तपासायचे. सकाळी डबा घेऊन निघाले आणि जिन्यात बसले, ते तिथेच. तेव्हापासून मला काही वाटत नाही, शाहिद. तुमच्याच सिनेमाने असं नाही. त्या मुलीने विचारलं, मी खरं सांगितलं."

शाहिदने समोरच्या अक्षरांकडे पाहिलं. "मला माहीत नव्हतं, ताई. मी तर विचारलंही नाही."

"कुणीच विचारलं नाही. तुम्हीच कशाला विचाराल?"

"लोक बोलतात त्याचं ठीक आहे," तो म्हणाला. "आजोबांचं वाईट वाटतं. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. अम्मी त्यांना फोनवरचं वाचून दाखवते. परवा म्हणाले, 'चिंगूला आवडलं नाही म्हणजे नक्की वाईट असणार. मी नाही बघायचा.' अजून पाहिला नाहीये त्यांनी."

वल्लरीने त्याचा नंबर लिहिला. पाऊण नंबर वाढला होता. कागद देताना ती म्हणाली, "उद्या कुठे चालू आहे?"

बुधवारी बाराच्या खेळाला अकरा माणसं होती, त्यांतली तीन ही. मैनुद्दीनचाचांना शाहिदने हाताला धरून आणलं. वाळलेली, टोपी घातलेली मूर्ती. ऐकू कमी, आवाज मोठा. वल्लरीने वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि लगेच विचारलं, "वजन कुठे गेलं तुझं?"

या वेळी तिने काम करायचं ठरवलं होतं. समोर बसलेल्या माणसाचे डोळे ती तपासते तसं. वाटो न वाटो, नीट बघायचं. चाचा मोठमोठ्याने बोलत होते, त्याची मदतच झाली. "सुळे मस्त. कुणी केले? पण रंग चुकला, पिवळा मारायचा होता." कॉम्प्युटरचा चिंगू आला तेव्हा म्हणाले, "हा कोण? पाल आहे का?" शाहिद खुर्चीत खाली सरकला.

मध्यंतरानंतर एक प्रसंग होता. खवीस ऑफिसच्या कामासाठी परगावी गेलाय आणि हडळ घरात एकटी आहे. तिला भाकरी थापायची नाही, कुणाला घाबरवायचं नाही. ती खोल्यांतून फिरते आणि कपाट उघडून बंद करते. काही शोधत नाही. मग पाणी पिते आणि पेला विसळते, आणि परत तोच पेला विसळते. संवाद नव्हता, संगीत नव्हतं. मागे दोन पोरं कंटाळून फोन बघत होती.

वल्लरी त्या पेल्याकडे बघत होती. तिला रडू आलं नाही. पण कुणीतरी आपल्या स्वयंपाकघरात येऊन गेलंय आणि आपल्याला कळलं नाही, असं तिला वाटलं. हे वाटणं होतं, एवढं तिने ओळखलं. प्रसंग संपला तसं तेही गेलं.

बाहेर व्हरांड्यात चाचा बाकावर टेकले. "बोल आता. आवडला की नाही?"

"चिंगू वाईट आहे," ती म्हणाली. "आजोबा फार लांबतात. शेवट ओढूनताणून केलाय."

शाहिदने मान हलवली.

"पण हडळ चांगली आहे. तो पेल्याचा प्रसंग कुणी लिहिला?"

"मीच. सगळे म्हणत होते, काप."

"नाही कापलात, बरं केलंत."

चाचांनी हात पुढे करून तिची हनुवटी धरली आणि चेहरा उजेडाकडे वळवला; अडतीस वर्षांपूर्वी टक्कल चिकटवताना वळवायचे तसा. पकड अजून तीच होती. "चेहरा एवढा ताठ नको धरू, बेटा," ते म्हणाले. "शाहिदने सांगितलं मला. डिंक सुकला की असंच होतं. ओढलं तर कातडी जाते. आपोआप सुटू द्यायचा."

तिने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि रिक्षा येईपर्यंत तिघं तशीच बसून राहिली.

घरी येऊन तिने ग्रुपवर स्वतः लिहिलं. कुणाकडून लिहवून घेतलं नाही. 'शुक्रवारी मी थिएटरात बसले होते, पण सिनेमा पाहिला नाही. माझे पती मार्चमध्ये वारले, त्यामुळे माझं कशात लक्ष नसतं. मी जे बोलले ते माझ्याबद्दल होतं. आज सिनेमा पाहिला. चिंगू फसलाय. हडळीचं काम मन लावून केलंय. ज्यांनी माझ्यामुळे तिकीट काढलं नाही, त्यांनी निदान हडळीसाठी काढावं.'

ओवी शेजारी बसून वाचत होती. "पैसे घेतले म्हणतायत, आई. हा बघ, 'किती मिळाले?' आणि ही बाई म्हणते, आधी सांगायचं होतं." मग तिने पान पुढे सरकवलं. खाली दोनशे-तीनशे माणसांनी नुसतं 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं होतं, आणि कुणी एकाने, 'सलिल आमच्या लॅबमध्ये होता. दुपारी डब्यातलं लोणचं सगळ्यांना वाटायचा.'

"कोणतं लोणचं?" ओवीने विचारलं. आणि चार महिन्यांत पहिल्यांदा तिने दुसराही प्रश्न विचारला. "तू त्या सगळ्यांसाठी वेगळं द्यायचीस?"

"लिंबाचं. जास्तीचं भरून मागायचा. मला वाटायचं, एकटाच खातो."

सिनेमा शुक्रवारी उरलेल्या थिएटरांतूनही गेला. तिच्या लिहिण्याने काही वाचलं नाही. शाहिदने दुसरं काम धरलं.

शनिवारी सकाळी सीताराम देव दुकानात आले. वेळ ठरवलेली नव्हती. हातात छत्री, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. काउंटरपाशी उभे राहून त्यांनी घसा साफ केला.

"वल्लरीताई, या महिन्यात मी आपल्याला आठ फोन केले. आपल्या घरी सगळं कसं आहे, हे एकदाही विचारलं नाही. छत्तीस वर्षं मुलांना शिष्टाचार शिकवला मी."

"तुम्हाला माहीत नव्हतं, काका."

"विचारल्याशिवाय कसं माहीत होणार?" ते म्हणाले. मग छत्री काउंटरला टेकवून ठेवली. "परवा शेवटचा खेळ पाहिला. चित्रपट वाईटच आहे."

"हडळ?"

देवांनी खिडकीबाहेर पाहिलं. "हडळीचं मान्य," ते म्हणाले, आणि दोरा बांधलेला चष्मा काढून तिच्यापुढे ठेवला.

"ही काडी बदलावी लागेल," वल्लरी म्हणाली. "बसा. डोळेही बघून घेते."